जगनचे शंभर यार्ड

रोह्याच्या अलीकडे, कुंडलिकेच्या काठाला एका कंपनीची वसाहत आहे आणि वसाहतीला लागून नऊ भोकांचं गोल्फचं मैदान. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नसेल त्यांना थोडक्यात सांगायचं तर, लांबून काठीने चेंडू मारायचा आणि जिथे झेंडा रोवलाय तिथल्या भोकात तो कमीत कमी फटक्यांत घालायचा. झेंड्याभोवतीचं गवत इतकं बारीक कापलेलं असतं की न्हाव्यानेही बघत राहावं. त्या गोल हिरवळीला ग्रीन म्हणतात. खेळणाऱ्याच्या पिशवीत बारा-चौदा काठ्या असतात आणि प्रत्येक काठी चेंडू ठरावीक लांब टाकते. त्यामुळे फटका मारण्याआधी प्रश्न एकच. इथून किती यार्ड?

या प्रश्नाचं उत्तर त्या मैदानावर बावीस वर्षं एकाच माणसाने दिलं. त्याचं नाव जगन.

जगन मूळचा पेणच्या खाडीपट्ट्यातला. बाप जनू मिठागरावर राबायचा. मिठाचा वाफा तयार करायचा म्हणजे चिखल पायांनी तुडवायचा, फळीने चोपायचा, पुन्हा तुडवायचा, असं करत करत तळ परातीसारखा गुळगुळीत आणायचा. एकदा तळ झाला की जनू कुणाला आत पाय टाकू देत नसे. बांधावरून जा, आणि आत उतरायचीच वेळ आली तर वहाणा बांधावर. सात वर्षांच्या जगनने एकदा चपलेसकट उडी मारली होती, तेव्हा जनूने मारलं नाही, ओरडलाही नाही. पोराने उमटवलेले चार ठसे त्याच्याच हातांनी दिवसभर चोपून घेतले. ते जगनच्या अंगात कायमचं बसलं.

पुढे मिठागर बंद पडलं. सातवी झालेला जगन डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे दोन वर्षं शिफ्टमध्ये राबला, आणि तिथून कुणाच्या तरी ओळखीने रोह्याला या मैदानावर गवत कापायला लागला. मैदान चालवणाऱ्या क्लबचे तेव्हाचे कॅप्टन सैन्यातून निवृत्त झालेले होते. त्यांनी या माणसाची चाल पाहिली. बांधावर चालून चालून जगनचं पाऊल असं पडायचं, की दोन पावलांत सुपारीएवढा फरक नाही. कॅप्टनसाहेबांनी शंभर यार्डांची दोरी जमिनीवर अंथरली आणि तीन दिवस जगनला तिच्या कडेने चालवलं. एक पाऊल, एक यार्ड. चौथ्या दिवशी त्यांनी दोरी गुंडाळून कपाटात टाकली आणि म्हणाले, आता हिचं काम नाही.

तेव्हापासून जगन क्लबच्या पिशव्या उचलायला लागला. प्रत्येक भोकाच्या वाटेवर त्याने पावलं मोजून चुना लावलेले दगड पुरले. दीडशे, शंभर, पन्नास. मधले आकडे सगळे डोक्यात. मेहुण्याच्या लग्नात, सासुरवाडीच्या गावी जोह्याला, मांडववाला आणि नवरीचा काका मांडवाच्या लांबीवरून हमरीतुमरीवर आले होते. जगन उठला, पत्रावळीला वळसा घालून एक फेरी मारून आला आणि "एकवीस यार्ड, म्हणजे त्रेसष्ट फूट" म्हणून पुन्हा जेवायला बसला. टेप आणला, त्रेसष्ट फूट दोन इंच निघाले. दोन इंच मांडववाल्याने सोडून दिले. त्या दिवसापासून सासुरवाडीला जावई म्हणून जेवढा मान नव्हता तेवढा पावलांनी मिळाला.

त्याची मुलगी प्रतिक्षा याच दगडांवर शिकली. नऊ वर्षांची असताना तुटक्या काठीने बापाच्या मागे मागे मारायची, सतराव्या वर्षी ती क्लबातल्या साहेबांना हरवायला लागली. नितेशसाहेब म्हणजे क्लबचे सेक्रेटरी, त्यांनीच पुढाकार घेऊन तिला पुण्याला मुलींच्या स्पर्धेला पाठवलं. पहिल्या बारा जणींना तिथे वर्षभर मोफत शिकवणी मिळते. प्रतिक्षा तीस जणींत अठ्ठाविसावी आली.

नवल म्हणजे ती वाईट मारत नव्हती. प्रत्येक चेंडू सरळ झेंड्याच्या रेषेत गेला, आणि प्रत्येक चेंडू ग्रीन ओलांडून मागच्या गवतात. अठरा भोकं, अठरा वेळा मागे. क्लबात सगळ्यांनी आपापली कारणं लावली. घाबरली, जोर जास्त लागला, पुण्याची हवा वेगळी. जगनने कारण लावलं नाही. परत येताना गाडीत तो पोरीला एवढंच म्हणाला, "पुढल्या साली." पण त्याला झोप लागेना, कारण फटक्याला जोर जास्त लागलाय की नाही हे बापाला कळत होतं, आणि तो लागलेला नव्हता.

ते पुढलं साल आलं. स्पर्धेला दहा दिवस असताना नितेशसाहेबांनी सांगितलं, क्लब प्रतिक्षाला आणखी एकदाच पाठवू शकतो, पुढच्या वर्षी दुसऱ्यांची पोरं आहेत. पण यंदा तिला एक यंत्र घेऊन देऊ. दोन प्रकार मिळतात. एक मनगटावरचं जीपीएस घड्याळ, आणि दुसरी लेझरची दुर्बीण. दोन सभासदांकडून दोन्ही उसनी आणलीत, वापरून बघा, एक ठरवा.

शनिवारी सकाळी सगळे पहिल्या भोकाच्या वाटेवर जमले. नितेशसाहेब, प्रतिक्षा, जगन, आणि त्याच्याबरोबर पिशव्या उचलणारा हरेश. हरेशची जीभ अशी की मेलेल्या माणसालाही टोमणा मारेल.

प्रतिक्षा शंभरच्या दगडावर उभी राहिली. घड्याळ मनगटावर. त्याने आकाशातले उपग्रह शोधले आणि मधोमध मोठा आकडा दाखवला, एकशे बारा.

"बिघडलंय," जगन म्हणाला.

साहेबांनी दुर्बीण हरेशच्या हातात दिली. हरेशने एक डोळा मिटून बटण दाबलं. दोनशे एकतीस.

"झेंड्यावर धर ना रे," साहेब म्हणाले. "तू मागच्या डोंगरावरचं झाड मोजलंस."

"झाड बी मोजून ठेवतो साहेब, उद्या कामाला येल," हरेश म्हणाला. त्याचा हात तंबाखूच्या सवयीने थरथरायचा.

मग प्रतिक्षाने डबी हातात घेतली. पुढे घरात सगळे दुर्बिणीला डबीच म्हणायला लागले. आता, जोह्याला प्रतिक्षाच्या मामाचा गणपतीचा कारखाना आहे, आणि दर उन्हाळ्यात ती तिथे मूर्तींचे डोळे आखते. त्या कारखान्यात वीस माणसं रंगकाम करतात, पण डोळ्यांना हात लावू देतात फक्त तिघांना. श्वास रोखून कुंचल्याची एक रेघ ओढायची, ती चुकली की बाप्पा रागावलेला दिसतो. तर अशा हाताने तिने डबी झेंड्याच्या बारीक दांडीवर धरली. डबी हातातल्या हातात गुरगुरली, म्हणजे तिने झेंडा पकडला.

"एकशे बारा," ती हळूच म्हणाली. बापाकडे तिने पाहिलं नाही.

दुसऱ्या भोकाला शंभरच्या दगडावर एकशे अकरा. तिसऱ्याला एकशे तेरा. नऊच्या नऊ ठिकाणी घड्याळाचा मोठा आकडा आणि डबी एका बाजूला, जगनचा दगड दुसऱ्या बाजूला, आणि फरक तोच, बाराच्या आसपास.

"जगनदादा, बावीस वर्षं दर शंभराला बारा मारलेस," हरेश म्हणाला. "वाण्याच्या तराजूत बी एवढी खोट नसते."

नितेशसाहेब भला माणूस. ते हसले नाहीत. "जगन, तुझ्या पावलांवर आम्ही सगळे खेळलो. पण दगड आता नव्याने लावू या. आणि उपडायचे असले तर तुझ्याच हातांनी, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही मी."

जगनने मान हलवली. दुपारी घरी आला तेव्हा त्याची बायको रंभा ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. तिने ताट वाढलं, याने भाताला हात लावला नाही.

"काय झालं?"

"माझं पाऊल लांबलं की आखडलं, कळत नाय."

"चार पोती तांदूळ पाठीवर टाकून आणता, पाऊल कशाला आखडंल?" रंभा म्हणाली. "मोजून बघा ना परत. मोजायला कुणाची परवानगी लागते?"

रविवारी उजाडता उजाडता जगन मैदानावर गेला. कपाटातून कॅप्टनसाहेबांची दोरी काढली, तिच्या कडेने चालला. शंभर पावलं, शंभर यार्ड. पाऊल जिथल्या तिथे होतं. मग पहिल्या भोकाच्या शंभरच्या दगडावर उभा राहिला आणि झेंड्याकडे मोजत निघाला. प्रतिक्षा मागून आली होती. तिच्या मनगटावर घड्याळ होतंच. ती बापाबरोबर चालायला लागली.

बापाच्या तोंडात आकडा वाढत होता, पोरीच्या मनगटावर उतरत होता. पन्नास म्हटलं तेव्हा घड्याळात बासष्ट. नव्वद म्हटलं तेव्हा बावीस. जगन ग्रीनच्या काठाशी आला, शंभरावं पाऊल टाकलं, "शंभर" म्हणाला आणि वाकून चपला काढायला लागला.

घड्याळात बारा होते.

"आबा, थांबलास का?"

"चपला काढतोय."

"आणि मोजणी?"

"मोजणी झाली की. शंभर."

"पण झेंडा तिकडं हाय."

जगनने एक चप्पल हातात धरून झेंड्याकडे पाहिलं. बावीस वर्षं तो ग्रीनवर अनवाणी जात होता. साहेब लोक त्याला देवभोळा म्हणायचे, पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. पण जनूच्या पोराला दुसऱ्याने चोपून, कापून तयार केलेल्या तळावर वहाण घालून जाणं जमतच नव्हतं. आणि वहाणा काढायला वाकलं की पावलं मोजणं संपायचं. तिथून पुढे चालायचं ते मोजण्यासाठी नाही, झेंडा धरण्यासाठी. हे त्याने ठरवून केलं नव्हतं, म्हणून कधी तपासलंही नव्हतं.

प्रतिक्षा काठापासून झेंड्यापर्यंत चालत गेली. बारा पावलं. परत येऊन ती हसायला लागली, आणि हसता हसता घड्याळ बापाच्या डोळ्यांसमोर धरून म्हणाली, "चल परत दगडावर. मला काय तरी बघायचंय."

दगडावर उभं राहून तिने दाखवलं. घड्याळात मधोमध मोठा आकडा होता तो ग्रीनच्या मध्याचा. पण त्याच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक आकडा होता, आणि वर एक. काल कुणी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. वरचा ग्रीनच्या पलीकडच्या काठाचा, खालचा अलीकडच्या काठाचा. खालचा आकडा शंभर होता.

त्या सकाळी बाप-लेक नऊच्या नऊ भोकं फिरले. सत्तावीस दगड. तेवीस ठिकाणी बरोबर, चार ठिकाणी एक यार्डाचा फरक. नितेशसाहेब आठ वाजता आले तेव्हा प्रतिक्षाने त्यांनाही फिरवलं. साहेब पाचव्या भोकाशी थांबले आणि घड्याळातला खालचा आकडा त्यांनी स्वतः वाचला.

"म्हणजे उपग्रहाने आणि तू एकच आकडा काढलास," ते म्हणाले.

"आधी मी काढला साहेब," जगन म्हणाला. "तो मागून आला."

ही गोष्ट हरेशच्या कानावर गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "बरं झालं, उपग्रहाला चपला नसतात." पण दुपारी चहा त्याने पाजला.

मग सगळं इतकी वर्षं चाललं कसं? तर साहेबांची तऱ्हा अशी, की चेंडू वीस यार्ड इकडेतिकडे पडला तरी दोष वाऱ्याचा. आणि त्या मैदानावरचे सगळे ग्रीन एका मापाचे, चोवीस यार्डांचे, झेंडा नेहमी मधोमध. शंभरच्या दगडावरून जी काठी झेंड्याला पोचते ती शंभरची काठी, असं सगळ्यांनी मनात धरून ठेवलेलं. घरच्या मैदानावर काहीच बिघडत नव्हतं. बिघडायचं ते बाहेर गेल्यावर, आणि बाहेर हरल्यावर क्लबातले लोक तिथल्या जेवणाला नावं ठेवायचे.

पण प्रतिक्षाच्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा ती चालता चालता गवतातच बसली.

"आबा, म्हणजे माझी शंभरची काठी शंभर टाकत नाय. एकशे बारा टाकते."

जगन उभा होता. तिचं बोलणं संपेपर्यंत त्यालाही समजलं. पुण्याला फळ्यांवर अंतर लिहिलेलं असतं ते ग्रीनच्या मध्यापर्यंतचं. पोरीने फळा वाचला, आपल्या समजुतीची काठी काढली, आणि प्रत्येक चेंडू बारा यार्ड पुढे पडून घरंगळत मागच्या गवतात गेला. अठराच्या अठरा. अठ्ठाविसावा नंबर तिचा नव्हता, त्याचा होता.

"मीच हरवलं गो तुला," तो म्हणाला.

"तूच शिकवलंस पण," ती म्हणाली. "सरळ तर सगळे गेले होते." आणि उठून तिने कपड्यांवरचं गवत झटकलं. "मी घड्याळच घेणार. त्यात तुझा आकडा हाय. पुण्यात बी मनगटावर तुझे दगड. मला नव्यानं काय शिकायला नको."

एवढं ऐकून कुठल्याही बापाची छाती फुलली असती. जगनचीही फुलली. नऊ दिवस उरले होते, पोरीच्या हाताला ओळखीचा आकडा यंत्रात तयार होता, आणि तो आकडा त्याच्या पावलांचा होता. घड्याळ बघायला क्षण लागत नाही, हात थरथरला तरी चालतो, झाडाआड गेलं तरी आकडा मिळतो. सगळं खरं. तो मैदानाच्या कडेच्या बांधावर बसला आणि गेल्या वर्षीचं पुण्याचं मैदान डोळ्यांसमोर आणत राहिला. मग म्हणाला,

"नाय. डबी घे."

"का?"

"तिथला ग्रीन बघितलास ना? आपले दोन ग्रीन एकात मावतील. झेंडा कवा पुढल्या कोपऱ्यात, कवा पार मागं. घड्याळाला काठ ठावं, मध्य ठावं. आज सकाळी माळ्यानं भोक कुठं पाडलं ते त्याला काय ठावं? ते डबीलाच दिसतं. काठापर्यंत मोजून बावीस वर्षं मी खेळवलं ते इथं भागलं. तिथं काठ घेऊन काय करशील?"

"हात चुकला तर मागचं झाड मोजंल."

"हरेशचा चुकंल. तू गणपतीचे डोळे आखतेस."

"मग तुझा आकडा?"

"माझ्या आकड्यात बारा मिळव आणि नवा आकडा पाठ कर. नऊ दिवस हायत."

प्रतिक्षा त्याच्यावर रुसली, दिवसभर. संध्याकाळी रंभाने विचारलं तर म्हणाली, "आबा स्वतःचा आकडा स्वतः खोडतोय." रंभा म्हणाली, "खोडू दे गो. त्यालाच खोडता येल. दुसऱ्यानं खोडला असता तर जेवला नसता."

मग सुरू झाली ती नऊ दिवसांची शाळा. जगनने प्रत्येक काठीच्या दांड्याला पांढरी चिकटपट्टी लावली आणि प्रतिक्षाने तिच्यावर खरा आकडा लिहिला. ज्या काठीला ती एकशे वीसची म्हणायची तिच्यावर एकशे बत्तीस. जगन तिला मैदानात कुठेही उभी करून समोर टोपली ठेवायचा, ती डबीने मोजायची, पट्टी वाचायची, मारायची. पहिले तीन दिवस हात जुन्याच काठीकडे जायचा आणि चेंडू टोपलीवरून पलीकडे. चौथ्या दिवशी टोपलीत पहिला चेंडू पडला. सातव्या दिवशी तिने पट्ट्या सोलून फेकून दिल्या, कारण आता त्या वाचाव्या लागत नव्हत्या. नितेशसाहेबांनी दगड उपडले नाहीत. प्रत्येकावर त्यांनी रंगाने एक शब्द वाढवला, "काठापर्यंत", आणि क्लबच्या फलकावर बाराचा हिशेब लिहून लावला. त्या महिन्यात म्हणे साहेब लोक अलिबागच्या पाहुण्यांशी पहिल्यांदा जिंकले. जेवण तेच होतं.

पुण्याला पिशवी जगनने उचलली. खेळ सुरू होण्याआधी तिथल्या पंचांनी डबी तपासली. चढ-उताराचा हिशेब करून देणारं एक बटण तिला असतं, ते स्पर्धेत बंद ठेवावं लागतं. प्रतिक्षाने ते आधीच बंद केलं होतं. पंच मान डोलावून पुढे गेले, तेवढ्यानेही जगनला वाटलं की पोरीने अर्धी स्पर्धा मारली.

चौथ्या भोकाशी खरी वेळ आली. झेंडा ग्रीनच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात, मागे लगेच उतार आणि खाली पाणी. फळ्याच्या हिशेबाने मध्य एकशे वीस. प्रतिक्षाने डबी धरली, गुरगुर आली. एकशे चौतीस. तिने डबी खाली केली आणि सवयीने बापाकडे पाहिलं.

जगनच्या ओठांवर आकडा आला होता. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं की कुणी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने आकडा दिला नाही. त्याने पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"मला नको विचारू. काय दिसलं तुला?"

"एकशे चौतीस."

"मग बोल कुठली काठी."

तिने काठी स्वतः काढली. गेल्या वर्षी जिला ती एकशे वीसची म्हणायची, म्हणजे खरी एकशे बत्तीसची, तीच. चेंडू उंच गेला, झेंड्याच्या अलीकडे पडला, दोन टप्पे खाल्ले आणि भोकापासून चार हातांवर थांबला. पाणी तसंच शांत होतं. पुढे चालताना जगनची पावलं एवढी लांब पडत होती की त्या वेळी ती कुणी मोजली असती तर फसला असता.

यंदा खेळ दोन दिवसांचा होता, छत्तीस भोकं झाली. दोन चेंडू पाण्यात गेले, एक हरवला, एकदा डबीने मागच्या माणसाची छत्री मोजली. सगळं धरून प्रतिक्षा नववी आली. बारा जणींची यादी भिंतीवर लागली तेव्हा जगनने नाव तीनदा वाचलं, मग यादीचा फोटो काढून रंभाला पाठवला, आणि तिला वाचता येतं हे माहीत असूनही फोन करून वाचून दाखवला.

"आता वर्षभर तिथंच राहणार ती?" रंभाने विचारलं.

"वर्षभर."

"मग जोह्याच्या डोळ्यांचं काय?"

"तुझ्या दादाला सांग, यंदा गणपतीला डोळे दुसऱ्यानं काढावे लागतील."

संध्याकाळी बाहेर चहाच्या टपरीवर एका पुणेकर गृहस्थाने जगनला गाठलं. त्यांची मुलगी पंधरावी आली होती. त्यांच्या एका हातात घड्याळाचा खोका, दुसऱ्या हातात डबीचा. "तुमच्या मुलीने कोणतं वापरलं?" त्यांनी विचारलं. "आम्ही दोन्ही घेतली, तरी कळत नाही कोणतं चांगलं."

जगनने चहा खाली ठेवला. "आधी हे सांगा साहेब, तुमची पोर सात नंबरची काठी मारते ती किती जाते?"

"साधारण एकशे तीस असेल."

"असेल नको. मोजलंय का?"

गृहस्थ मुलीकडे बघायला लागले, मुलगी चपलेकडे.

"मग दोन्ही खोके बाजूला ठेवा," जगन म्हणाला. "आणि उद्या सकाळी एक टोपली घ्या. टोपली कुठं ठेवायची ते ऐका." त्याने टपरीवरचे दोन पेले उचलले, एक इकडे मांडला, एक तिकडे, मध्ये साखरेचा डबा ठेवला, आणि काठ, मध्य, झेंडा असं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. टपरीवाला डबा मागत होता. रस्त्याच्या पलीकडे रोह्याची एसटी लागली होती आणि सामान आणायला घरी निघालेली प्रतिक्षा दारातून हात हलवत होती.

"आबा, गाडी सुटंल."

"थांबव गो दोन मिनटं," जगन म्हणाला, "साहेबांना अजून झेंड्यापर्यंत न्यायचंय."